कवडी, कुत्रं आणि चार इंजेक्शनं

आमच्याकडे पाच कोंबड्या आणि एक कोंबडा. त्यातली एक करडी, अंगभर पांढरे ठिपके. धाकटीनं तिचं नाव कवडी ठेवलं. 4 ऑगस्ट 2024 ला, रविवारी, कवडीला कुत्र्यानं धरलं. तिथून जवळपास एक महिना मी तिच्या मागं होते. त्या महिन्यात मोबाईलवर जे शोधलं त्यातलं बहुतेक हजारो कोंबड्यांच्या पोल्ट्रीसाठी होतं. एकच कोंबडी, तीही घरची, तिचं काय करायचं ते कुणी सांगेना. म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, जे झालं ते सांगते.

आमचं गाव बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावर, उचगाव फाट्याच्या आत. पुढे बाची, की लगेच शिनोळी, म्हणजे महाराष्ट्र. माझं माहेर तिकडं चंदगड तालुक्यात. लग्न होऊन अकरा वर्षं झाली तरी माझं कन्नड बसच्या पाटीपुरतंच. हे आधी सांगते, कारण पुढं त्यानं घोळ घातलाय.

तर त्या दिवशी होती गटारी अमावस्या. दुसऱ्या दिवसापासून श्रावण. घराघरात मटण शिजत होतं, आमच्याही. संध्याकाळी पाचच्या सुमाराला परड्यात एकदम कलकलाट झाला. गल्लीतलं तपकिरी कुत्रं कवडीला पाठीकडनं धरून ओढत होतं. मी हातातली सुपली मारली, तरी सोडेना, मग सरळ हात घालून तिला ओढून घेतली. पिसं सगळीकडं उडालेली. शेपटीच्या वर पाठीवरची कातडी बोटभर लांब फाटलेली, डावा पाय लोंबकळत होता आणि कवडी आवाजच करत नव्हती. कोंबडी ओरडली तर बरं, हे मला तेव्हा कळलं.

शेजारच्या काकू कुंपणावरूनच म्हणाल्या, "आजच गटारी, घाल की भांड्यात. उद्यापासनं कोण खाणार?" सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. आत्याही म्हणाल्या, "जगत नाही गे ती. हाल कशाला?" दोघींचं चुकलं असं मी म्हणणार नाही. गावात कोंबडीचा हिशेब असाच असतो, आणि मी स्वतः त्या दुपारी दोन वेळा रस्सा वाढून घेतला होता. पण धाकटी दारात उभी राहून बघत होती. मी म्हटलं, रात्र तर काढू दे.

त्या रात्री निम्मं बरोबर केलं, निम्मं चुकलं. स्वच्छ सुती कापडानं जखम दहा मिनिटं दाबून धरली, रक्त थांबलं. मग तिला जुन्या टॉवेलात गुंडाळून खोक्यात ठेवलं, खोकं सोप्यातल्या कोपऱ्यात, वरून कापड. अंधार, ऊब, शांतता. धक्का बसलेल्या पाखराला पहिल्या रात्री एवढंच हवं असतं, असं नंतर डॉक्टर मॅडम म्हणाल्या. चुकलं ते असं, की काकूंनी खोबरेल तेलात कालवून हळद दिली ती मी जखमेत भरली. आणि चमच्यानं तोंडात पाणी ओतायला गेले. कोंबडीच्या जिभेच्या मागंच श्वासनलिकेचं तोंड असतं. ओतलेलं पाणी सरळ तिकडं जाऊ शकतं. ती खोकल्यासारखं करायला लागली तेव्हा मी घाबरून थांबले. पाणी पाजायचंच असेल तर चोचीच्या कडेला एक थेंब लावायचा, तिनं गिळला की दुसरा. नवरा घरातली दुखण्याची गोळी चुरून द्यायला निघाला होता, ती मात्र देऊ दिली नाही.

माझ्या हाताला, अंगठ्याच्या खाली, कुत्र्याच्या दाताचा ओरखडा उठला होता. रक्त नव्हतं. नळाखाली धरला आणि विसरले.

सोमवारी सकाळी कवडी जिवंत होती. गावाजवळच्या पशुचिकित्सा केंद्रात नेली. तिथं दीड तास बसले. डॉक्टर गाई-म्हशींच्या लसीकरणाला वाड्यावस्त्यांवर गेलेले, कधी येतील सांगता येत नव्हतं. तिथल्या माणसानंच सांगितलं, बेळगावला मोठ्या दवाखान्यात जावा. बस पकडली. आधार कार्ड दाखवून मला शून्य रुपयाचं तिकीट मिळालं. मग कंडक्टरची नजर पिशवीतून बाहेर आलेल्या चोचीकडं गेली. "कोंबडीचं हाफ." 12 रुपये. बाईला फुकट आणि कोंबडीला तिकीट, यावर अख्खी बस हसली. हसू देत. कोंबडी घेऊन बसनं जाणार असाल तर सुटे पैसे ठेवा आणि पिशवीऐवजी भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं घ्या. पिशवीत पाय दुमडून बसतो, दुखऱ्या पायाला ते वाईट. स्टँडवरून रिक्षा 80 रुपये.

दवाखान्यात माझ्या पुढं दोन शेळ्या, एक म्हैस आणि स्वेटर घातलेलं एक लॅब्रेडोर. टेबलावरच्या माणसानं वही उघडून विचारलं, "एष्टु कोळी री?" मी गोंधळले. आमच्या मराठीत कोळी म्हणजे मासे धरणारा, नाहीतर जाळं विणणारा. जात विचारतोय की काय? मागच्या शेळीवाल्या मामांनी सांगितलं, कोळी म्हणजे कोंबडी, किती आणल्यात विचारतोय. म्हटलं, एकच. त्यानं मान वर करून एकदा माझ्याकडं बघितलं आणि "ओंदे" म्हणत लिहून घेतलं. नाव, गाव, मोबाईल नंबर, बस. सगळं कन्नडात.

आत मॅडमनी विचारलं, "गाय एल्लि आगेत्रि?" मी म्हटलं, "गाय नाही मॅडम, कोंबडी आणल्या." मॅडम क्षणभर बघत राहिल्या आणि मग मोठ्यानं हसल्या. कन्नडात गाय म्हणजे जखम. जखम कुठं झालीय, असं त्या विचारत होत्या. त्यानंतर मात्र त्या माझ्याशी मराठीतच बोलल्या, थोडं अडखळत, पण सगळं समजेल असं.

पहिल्यांदा त्यांनी माझी हळद आणि तेल काढलं. त्यातच वीस मिनिटं गेली. हळदीला त्या वाईट म्हणाल्या नाहीत. पण न धुतलेल्या जखमेत काहीही भरलं की घाण आत कोंडते, आणि तेलानं पिसं चिकटली की पाखराची ऊब जाते. मग जखमेच्या भोवतीची पिसं कात्रीनं कापली. उपटायची नाहीत, कातडी आणखी फाटते. पाण्यानं बाकीची पिसं भिजवून बाजूला केली तेव्हा पंखाखाली दोन बारीक भोकं दिसली. मला रात्रभर दिसली नव्हती. कुत्र्याच्या दाताचं वर दिसतं ते भोक तिळाएवढं, आतलं नुकसान त्याहून मोठं असतं. म्हणून कुत्रं-मांजरानं धरलेल्या कोंबडीची पिसं ओली करून सगळं अंग बघायचं, नुसती मोठी जखम बघून थांबायचं नाही.

टाके घातले नाहीत. चाव्याची जखम, त्यात रात्र उलटलेली, शिवली तर आत पू होईल म्हणाल्या. पाय चाचपला. हाड मोडलेलं नव्हतं, मुका मार. वजन केलं, 1 किलो 600 ग्रॅम. औषधाचं माप वजनावर असतं. म्हणून घरच्या काट्यावर टोपलीसकट वजन करून नेलं असतं तरी चाललं असतं. एक इंजेक्शन दिलं. अँटिबायोटिक पाच दिवस आणि दुखण्याचे थेंब तीन दिवस लिहून दिले. औषधांची नावं मुद्दाम लिहीत नाही, कारण कुणीतरी वाचून आपल्या मनानं देईल. घरच्या गोळीचा विषय मीच काढला, तर मॅडम गंभीर झाल्या. माणसाची दुखण्याची औषधं पाखरांना मारू शकतात. डायक्लोफिनॅक तर जनावरांना द्यायलाच 2006 पासून बंदी आहे, ते दिलेली मेलेली गुरं खाऊन देशभरातली गिधाडं संपत आली. हे मला माहीत नव्हतं. पूर्वी चंदगडात मेलेल्या बैलावर गिधाडं बसायची, हे लहानपणी आजीकडून नुसतं ऐकलेलं.

अंडी? औषध सुरू असताना आणि शेवटच्या डोसनंतर 14 दिवस खायची नाहीत, मातीत पुरायची. प्रत्येक औषधाचे दिवस वेगळे, म्हणून हे डॉक्टरांना विचाराच. ते स्वतःहून सांगतीलच असं नाही.

चिठ्ठी हातात देताना त्यांचं लक्ष माझ्या अंगठ्याकडं गेलं. "हे काय?" मी सांगितलं. म्हणाल्या, "कोंबडीला रेबीजची भीती नाही, तो दूध पाजणाऱ्या प्राण्यांचा रोग. भीती तुम्हाला आहे. आजच्या आज जा." तपासणीचे पैसे काही घेतले नाहीत. बाहेरच्या दुकानातून थेंब 265, पोव्हिडोन आयोडीन 95, जाळीचं कापड आणि कापूस 40, जीवनसत्त्वांचे थेंब 110. परत रिक्षा 80, कोंबडीचं हाफ 12.

दुपारी कवडीला आत्यांच्या ताब्यात देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. सिस्टरनं पहिल्यांदा नळाकडं पाठवलं, साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं. हे रविवारीच करायचं होतं. मग वही. कुत्रं पाळलेलं की गल्लीतलं, कुठं चावलं, कधी, आधार, फोन. कातडी नुसती खरचटलेली, रक्त नाही, म्हणून फक्त लस. रक्त आलं असतं तर जखमेतही वेगळं इंजेक्शन द्यावं लागलं असतं. दोन्ही दंडांवर कातडीत एकेक टोचणी, मुंगी चावल्यासारखी. पैसे नाहीत. एक कार्ड मिळालं, त्यावर चार तारखा: 5, 8, 12 ऑगस्ट आणि 2 सप्टेंबर. कार्ड मी देवाच्या फोटोमागं खोचलं आणि त्याच्याच मागच्या बाजूला कवडीच्या औषधाच्या वेळा लिहिल्या. आत्या म्हणाल्या, "दोघींचं एकच रेशन कार्ड काढलंस की."

घरचं काम असं होतं. टोमॅटोचं प्लॅस्टिकचं क्रेट, खाली भाताचं पिंजर, रोज बदलायचं. पायाला विश्रांती मिळावी म्हणून जागा मुद्दाम लहान. अर्धा लिटर पाणी उकळून गार करायचं, त्यात एक सपाट छोटा चमचा मीठ, त्यानं सकाळ-संध्याकाळ जखम धुवायची. मग आयोडीन पाण्यात घालून बिनदुधाच्या चहाच्या रंगाचं करायचं आणि कापसानं लावायचं. वरून पट्टी नाही, पाठीवर ती राहतच नाही. पहिल्या दिवशी मी आणि नवरा दोघं धरायला, तरी निम्मं आयोडीन माझ्या साडीवर. मग युक्ती सापडली. रात्री दिवा मालवून, मोबाईलच्या बारीक उजेडात, टॉवेलात फक्त डोकं बाहेर ठेवून गुंडाळली, की ती दगडासारखी शांत. अंधारात कोंबडी भांडत नाही. औषधाचे थेंबही तेव्हाच.

दोन दिवस तिनं काही खाल्लं नाही. विष्ठा हिरवी, पातळ. मी घाबरून दादाला फोन केला. तो दुधाचा धंदा करतो, जनावरांतलं कळतं त्याला. म्हणाला, पोटात काही नसलं की हिरवीच पडते, खायला लागली की बदलेल. भिजवलेला भात, ज्वारीच्या कण्या, काहीच नको. शेवटी मॅडमनी सांगितलेलं उकडलेल्या अंड्याचं पिवळं बोटावर धरलं. कोंबडीला अंडं भरवताना मला कसंतरी झालं, पण तिनं टोचलं. बुधवारी नाचण्याचा ओला भरडा खाल्ला, विष्ठा तपकिरी झाली, वर पांढरी टोपी, तशी हवी. मधूनच एखादी काळपट, चिकट आणि भयंकर वासाची पडते, तीही ठीक असते. हे ठाऊक नसल्यानं मी एकदा नवऱ्याला शेतातून बोलावून घेतलं होतं. तो अजून बोलून दाखवतो.

गुरुवारी, 8 तारखेला, माझं दुसरं इंजेक्शन. लसीच्या एका बाटलीत अनेकांचे डोस असतात, म्हणून तीन-चार जण जमेपर्यंत बसावं लागलं. परत यायला दोन वाजले. आत्यांनी मायेनंच तिला ऊन खायला परड्यात ठेवलं होतं. कितीतरी दिवसांनी ऊन पडलेलं. संध्याकाळी धुताना जखमेच्या कडेच्या पिसांवर पांढरे बारीक कण दिसले, किसलेल्या खोबऱ्यासारखे. मला वाटलं भाताचं काही लागलंय. माशीची अंडी होती. एका दिवसात त्यांच्या अळ्या होतात आणि त्या जिवंत मांस पोखरतात. चाव्यातून वाचलेली कोंबडी यानं मरू शकते. चिमट्यानं आणि मिठाच्या पाण्यानं तासभर एकेक काढली, ज्या पिसांना चिकटली होती ती पिसंच कापली. रात्री बारा वाजता पुन्हा बघितलं, पहाटे पुन्हा. नशिबानं अळी सापडली नाही. सकाळी माळ्यावरून धाकटीची लहानपणची छत्रीसारखी मच्छरदाणी काढली आणि क्रेटवर टाकली. पावसाळ्यात जखमी कोंबडी घरात ठेवणार असाल तर पहिल्या दिवशी औषधाच्याही आधी मच्छरदाणी शोधा. मला पाच दिवसांनी सुचलं.

9 तारखेला नागपंचमी. माहेरी जायचं होतं, गेले नाही. आईला खरं कारण सांगितलं नाही, कोंबडीसाठी राहिले म्हटलं असतं तर तिनं फोनच ठेवला असता. दादा लाह्या आणि तंबिटाचे लाडू घेऊन आला. जाताना क्रेटपाशी बसून जखमेचा वास घेतला. "वास नाही, म्हणजे बरी होतेय." रोज वास घ्या, हा सल्ला मला कुठल्याच लेखात मिळाला नव्हता.

12 तारखेला माझं तिसरं इंजेक्शन आणि कवडीची दुसरी तपासणी, दोन्ही एकाच दिवशी. यावेळी स्टँडवरून दवाखान्यापर्यंत खोकं डोक्यावर घेऊन चालत गेले, रिक्षा वाचली. कोंबडीचं जाऊन-येऊन 24. टेबलावरच्या माणसानं ओळखलं, "ओंदे कोळी!" म्हणाला. जखम गुलाबी भरत आलेली. मलम लिहून दिलं, 85 रुपये. मॅडमनी 1962 हा नंबरही सांगितला, जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा. तो मी फोनमध्ये 'कवडी' या नावानं ठेवलाय.

मग माझीच मस्ती नडली. 14 तारखेला ती दोन्ही पायांवर उभी राहिली. मला इतका आनंद झाला की सरळ बाकीच्यांत सोडली. एका मिनिटात तिघींनी घेरलं. कोंबड्यांना लाल दिसलं की त्या टोचतात, आपली-परकी बघत नाहीत. खपली उखडली, पुन्हा रक्त. पुन्हा क्रेट, पुन्हा मीठ-पाणी, आणखी आठवडा. धाकटी माझ्याशी दिवसभर बोलली नाही.

दुसऱ्यांदा घाई केली नाही. 20 ला खपली आपोआप पडली, खाली नवी पिसं काट्यांसारखी फुटलेली. 22 पासून रोज तासभर तिला परड्यात डालग्याखाली ठेवली. बाकीच्या बाहेरून बघणार, टोचता येणार नाही. पहिल्या दिवशी कोंबडा डालग्याभोवती फिरून फिरून दमला. 27 ला रात्री, सगळ्या झोपल्यावर, गुपचूप खुराड्यात खालच्या दांडीवर बसवली. सकाळी उठल्यावर एकदोन टोचा बसल्या, मग सगळ्या आपापल्या कामाला लागल्या. डावा पाय ती अजून जरा फेकून चालते. वरच्या दांडीवर चढत नाही.

खर्च सगळेच विचारतात म्हणून सांगते: 803 रुपये. आमच्याकडं गावठी कोंबडी 500 ला मिळते. माझ्या इंजेक्शनांना काही लागलं नाही.

2 सप्टेंबरला, सोमवती अमावस्येला, चौथं इंजेक्शन झालं. सिस्टरनं कार्डावर शेवटची सही केली आणि मागची बाजू वाचून विचारलं, "ही कवडी कोण, मुलगी काय?" मी होय म्हटलं. सगळं सांगायला रांग मोठी होती.

श्रावण संपला. दोन दिवसांनी शेजारच्या काकू मीठ मागायला आल्या, परड्यात बघून म्हणाल्या, "लंगडी अजून हाय की. आता गणपती झाले की तरी?"

आत्या नाचणा पाखडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तिच्यावर आठशे तीन रुपये घातल्यात गे. देतीस काय?"